वॉटसन मुंबईला उतरला तेव्हा

आर्थर कॉनन डॉयलच्या 'अ स्टडी इन स्कार्लेट' या कादंबरीत डॉ. जॉन वॉटसन पहिल्याच परिच्छेदात मुंबईला उतरतो. १८७८ साली लंडन विद्यापीठाची एम.डी., मग नेटलीला लष्करी सर्जनांचा अभ्यासक्रम, पाचव्या नॉर्दम्बरलंड फ्युजिलियर्स पलटणीत नेमणूक आणि बोटीने हिंदुस्थान. मुंबईत पाय ठेवल्यावर त्याला कळतं की आपली पलटण खिंडी ओलांडून शत्रूच्या मुलखात पुढे निघून गेली आहे. त्याच्यासारखेच मागे राहिलेले आणखी काही अधिकारी असतात. त्यांच्याबरोबर तो निघतो आणि पुढच्याच वाक्यात कंदाहारला पोचतो. मुंबई अर्ध्या वाक्यात येते आणि संपते.

या अर्ध्या वाक्यावर मी कित्येक वर्षं लिहिते आहे.

तो कुठे उतरला असेल? गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हता, ती कमान १९२४ साली पुरी झाली. ताजमहाल हॉटेल १९०३ चं. प्रिन्सेस डॉक १८८० च्या सुरुवातीला खुला झाला. वॉटसन त्याआधी आला असेल तर बोट बंदरात नांगरून राहिली असणार आणि छोट्या होडीतून तो अपोलो बंदरच्या पायऱ्यांना लागला असणार. बोरीबंदरला नव्या स्टेशनचं काम १८७८ मध्ये सुरू झालं होतं, म्हणजे आज आपण बघतो ते घुमट त्याला दिसलेच नाहीत. त्याने पाहिले असतील ते दगडांचे ढीग आणि खणलेला पाया. राजाबाई टॉवर मात्र नुकताच उभा राहिला होता. आणि आपण आज ज्याला काळा घोडा म्हणतो त्या भागात १८७१ पासून एक हॉटेल होतं, विलायतेत ओतून जहाजाने आणलेल्या बिडाच्या सांगाड्याचं. त्याचं नाव वॉटसन्स हॉटेल, आणि ते उभारणाऱ्या माणसाचं नाव जॉन वॉटसन. आमच्या डॉक्टरचंही हेच नाव.

हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी हातातलं सगळं बाजूला ठेवलं. पंचविशीतला एक डॉक्टर, अजून एकही गोळी न लागलेला, अनोळखी शहरात एका इमारतीवर आपलं नाव वाचतो. पलटण त्याला सोडून पुढे गेलेली आहे. रात्री उकाड्याने झोप येत नाही. मुंबईहून कराचीपर्यंत बोट, सिंधमधून रेल्वे आणि मग बोलन खिंड, असा रस्ता तो नकाशावर बघत बसतो. डॉयलने यातलं काही लिहिलेलं नाही, आणि त्याने जे लिहिलं आहे त्याच्याशी यातलं काहीही भांडत नाही. फॅन फिक्शन लिहिणाऱ्याला पाय रोवायला एवढी जागा पुरते.

मी फॅन फिक्शन लिहिते. दुसऱ्याने निर्माण केलेली माणसं घेऊन, त्याच्या जगाचे नियम मानून, त्याने न सांगितलेल्या गोष्टी मी सांगते. मराठीत लिहिते, कारण शेरलॉक होम्स मला पहिल्यांदा मराठीतच भेटला, भालबा केळकरांच्या अनुवादातून. इंग्रजी संहिता नंतर आली आणि मग कायमची उशाशी राहिली. चार कादंबऱ्या आणि ५६ कथा. या साठ कृतींना त्यांचे चाहते 'कॅनन' म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना त्यांच्या मनात खरोखरच पोथीबद्दलचा आदर असतो.

माझ्या लिहिण्याची सुरुवात वहीपासून होते. डावीकडच्या पानावर डॉयलने सांगितलेलं, उजवीकडे त्याने न सांगितलेलं. होम्सची घरमालकीण मिसेस हडसन कशी दिसते? डावं पान कोरं. साठ गोष्टींत तिचा चेहरा कुठेच नाही. वॉटसनला गोळी कुठे लागली? डाव्या पानावर दोन नोंदी: पहिल्या कादंबरीत खांद्याला, 'द साइन ऑफ फोर'मध्ये पायाला. त्याची बायको त्याला काय नावाने हाक मारते? 'द मॅन विथ द ट्विस्टेड लिप'मध्ये ती त्याला जेम्स म्हणते, आणि त्याचं नाव तर जॉन एच. वॉटसन. या विसंगतींना चुका म्हणून सोडून द्यायचं नाही हा या पंथाचा पहिला नियम आहे. डोरोथी सेयर्ससारख्या मोठ्या लेखिकेने या जेम्सवर निबंध लिहिला आणि मधल्या 'एच'चा अर्थ लावला हॅमिश, म्हणजे जेम्सचंच स्कॉटिश रूप. त्याआधी १९११ साली रोनल्ड नॉक्स या विद्वानाने बायबलच्या अभ्यासकांची सगळी शस्त्रं वापरून होम्सकथांची चिकित्सा केली होती. त्यात विनोदाचा भाग होता, पण वाचकांनी ती पद्धत मनापासून उचलली. लेखकाच्या हातून जे निसटलं, तिथे काहीतरी घडलेलं असणार असं धरून चालायचं. दोन जखमा असतील तर दोन्ही खऱ्या. मग दुसरी कधी झाली, ती त्याने का लपवली, हे शोधणं माझं काम.

त्यानंतर मी हवामान लिहून काढते, आगगाडीच्या वेळा लिहून काढते, दिवा गॅसचा की तेलाचा ते बघते. यातलं गोष्टीत फार थोडं उतरतं. पण ते माहीत असल्याशिवाय माझी माणसं खोलीत वावरू लागत नाहीत. मग शेवट. मी शेवटचा प्रसंग आधी लिहिते, कारण कॅननमध्ये तो माणूस नंतर कुठे असणार आहे हे ठरलेलंच असतं आणि मला त्याला तिथवर सुखरूप नेऊन पोचवायचं असतं. १८९४ च्या वसंतात वॉटसन केन्सिंग्टनच्या आपल्या अभ्यासिकेत बसलेला असलाच पाहिजे. त्याआधीची, होम्स नसलेली तीन वर्षं माझी.

या बंधनाबद्दल लोक विचारतात. सगळं आधीच ठरलेलं असताना त्यात तुझं काय, असा त्या विचारण्याचा रोख असतो. मला तेव्हा मोरोपंत आठवतात. बारामतीच्या त्या कवीने (१७२९–१७९४) रामायण एकदा सांगून थांबवलं नाही, १०८ रामायणं रचली असं परंपरा सांगते. गोष्ट तीच, माणसं तीच, शेवट सगळ्यांना पाठ. मग पंतांनी स्वतःभोवती कुंपणं घालून घेतली. त्यांच्या निरोष्ठ रामायणात ओठ मिटून उच्चारायचं अक्षरच नाही. प नाही, ब नाही, म नाही. म्हणजे रामायण सांगायचं आणि 'राम' हे नाव घ्यायचं नाही. फॅन फिक्शनमध्ये 'ड्रॅबल' नावाचा प्रकार आहे, बरोबर १०० शब्दांची गोष्ट. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मी ड्रॅबल लिहायला बसते तेव्हा मला पंतांच्या त्या आनंदाचा अंश मिळतो असं मला खरंच वाटतं. गोष्ट ठाऊक असलेल्या श्रोत्यासमोर गोष्ट सांगण्याचं सुख वेगळं आहे. तिथे पुढे काय होणार याची चिंता नसते, म्हणून प्रत्येक शब्दाकडे लक्ष जातं.

लिहून झालं की मी ते सांगलीच्या एका मुलीला पाठवते. ती वयाने माझ्याहून बरीच लहान, मला ताई म्हणते, आणि माझी बीटा रीडर आहे. बीटा रीडर म्हणजे गोष्ट बाहेर जाण्याआधी वाचणारी, कॅननशी ताडून बघणारी, भाषा कुठे अडते ते सांगणारी. हे काम कोणी पैशासाठी करत नाही. एकदा तिने माझ्या सगळ्या गोष्टी ओळीने वाचल्या आणि फोन केला. म्हणाली, "ताई, तुमच्या एकाही गोष्टीत होम्स केस सोडवत नाही. तो नेहमी बाहेर असतो. तुम्ही घरातल्यांचंच लिहिता."

तिचं बरोबर होतं. मी वही उघडून बघितली. मिसेस हडसन, वॉटसनची बायको मेरी मॉर्स्टन, तीन वर्षं एकटा राहिलेला वॉटसन. गोष्ट ज्यांना मागे ठेवून पुढे निघून गेली अशी ही माणसं. मुंबईच्या धक्क्यावर पलटण चुकलेला तो तरुण डॉक्टरसुद्धा त्यांच्यातलाच.

माझे वडील व्यापारी जहाजावर होते. दाभोळच्या खाडीकाठच्या आमच्या घरात ते वर्षातून थोडे दिवस असत, उरलेले महिने त्यांची पत्रं असत, परदेशी तिकिटांची. बाबांच्या गोष्टी आम्ही भावंडांनी शंभरदा ऐकल्या: सुएझ, ग्लासगो, बिस्केच्या उपसागरातलं वादळ. ते वादळ आम्हांला तोंडपाठ होतं. पण त्या वादळाच्या रात्री आई काय करत होती हे आम्ही कधी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. ती गेल्यानंतर ते विचारायला कोणी उरलं नाही. माझ्या मिसेस हडसनला आईचे हात आहेत, हे सांगलीच्या मुलीने ओळखलं नाही, पण मला ते लिहितानाच कळलं होतं.

कॅननमध्ये मिसेस हडसनचा एक प्रसंग आहे ज्याच्याकडे मी पुन्हा पुन्हा जाते. 'द एम्प्टी हाउस'मध्ये होम्स परत आलेला असतो आणि कर्नल मोरन त्याच्यावर हवेच्या बंदुकीचा नेम धरून समोरच्या रिकाम्या घरात दबा धरणार असतो. होम्स खिडकीत स्वतःचा मेणाचा पुतळा बसवतो. तो पुतळा जिवंत वाटावा म्हणून दर पाव तासाने कुणीतरी तो थोडा हलवायला हवा, आणि सावली दिसू नये म्हणून गुडघ्यांवर रांगत जाऊन हलवायला हवा. हे काम मिसेस हडसन करते. गोळी त्या पुतळ्याच्या डोक्यातून आरपार जाते आणि भिंतीवर आपटते, तेव्हा ती त्याच खोलीत असते. नंतर ती चपटी झालेली गोळी ती गालिच्यावरून उचलून होम्सला देते. होम्स तिला शाबासकी देतो आणि गोष्ट पुढे सरकते.

म्हातारी घरमालकीण अंधारात गुडघ्यांवर रांगते आहे, आणि कधीतरी या खिडकीतून गोळी येणार हे तिला माहीत आहे. दोन पाव तासांच्या मधल्या वेळात तिने काय केलं? मी यावर किती वेळा लिहिलं हे मोजत नाही. एकदा ती त्या वेळात भाडेकरूंचा हिशेब मनातल्या मनात करते. एकदा गेलेल्या नवऱ्याशी बोलते. एकदा मी तिला फक्त रागावू दिलं: या माणसाला आपण तीन वर्षं मेलेला समजत होतो, आणि त्याच्या भावाने, मायक्रॉफ्टने, सगळं माहीत असून खोल्या तशाच ठेवायला सांगितल्या! ती गोष्ट मला सगळ्यांत जवळची आहे.

आता वॉटसनची तीन वर्षं. ४ मे १८९१ ला रायशेनबाखच्या धबधब्यापाशी होम्स नाहीसा होतो. डॉयलने 'द फायनल प्रॉब्लेम' १८९३ च्या डिसेंबरात छापून होम्सला खरोखरच मारलं होतं, कारण या गुप्तहेरापायी आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांकडे लोक बघत नाहीत असं त्याला वाटे. वाचकांना दहा वर्षं थांबावं लागलं. १९०३ मध्ये तो परत आला आणि गोष्टीतल्या काळात फक्त तीन वर्षं गेली होती. त्या तीन वर्षांबद्दल वॉटसन जे सांगतो ते इतकंच: मित्र गेल्यापासून गुन्ह्यांच्या बातम्या लक्षपूर्वक वाचायची सवय लागली, आणि कधीकधी स्वतःच्याच समाधानासाठी त्याच्या पद्धतीने त्या उलगडून बघायचो, फारसं जमत नसे. शोकाचं याहून खरं वर्णन माझ्या वाचनात क्वचित आलं आहे. गेलेल्या माणसाची सवय आपल्या अंगाला लावून घ्यायची आणि ती आपल्याला साधत नाही हे रोज बघायचं.

होम्स परत आल्यावर सांगतो की मी तुला पत्र लिहायला कितीदा लेखणी उचलली, पण तुझ्या मायेपोटी माझं गुपित फुटेल या भीतीने ठेवून दिली. जगभरच्या किती लेखकांनी ती न लिहिलेली पत्रं लिहिली आहेत! तिबेटमधून, ल्हासातून, जिथे होम्स सिगरसन या नॉर्वेजियन प्रवाशाच्या नावाने गेला होता. जामयांग नोर्बू या तिबेटी लेखकाने याच पोकळीतून 'द मंडाला ऑफ शेरलॉक होम्स' (१९९९) ही अख्खी कादंबरी उभी केली आणि होम्सला थेट मुंबईच्या बंदरात उतरवलं. किपलिंगच्या 'किम'मधला बंगाली हेर तिथे त्याचा साथीदार होतो. स्वतःचा देश हरवलेल्या लेखकाने होम्सच्या हरवलेल्या वर्षांत आपल्या देशासाठी जागा शोधली, यात मला या लेखनप्रकाराची सगळी ताकद दिसते.

मला मात्र त्या पत्रांपेक्षा ती पत्रं ज्या घरात पोचली नाहीत ते घर अधिक खेचतं. त्या घरात मेरी आहे.

मेरी मॉर्स्टन 'द साइन ऑफ फोर'मध्ये येते. आई लहानपणीच वारलेली. वडील, कॅप्टन मॉर्स्टन, चौतिसाव्या बॉम्बे इन्फंट्रीत. त्यांनी तिला अगदी लहान असताना हिंदुस्थानातून मायदेशी पाठवलं, एडिंबरोच्या एका वसतिगृहात. ती सतरा वर्षांची असताना, १८७८ च्या डिसेंबरात, ते रजेवर लंडनला आले, लँगहॅम हॉटेलात उतरले, तिला तार केली, आणि ती भेटायला पोचली तेव्हा ते नाहीसे झालेले होते. म्हणजे होम्सच्या गोष्टींत वाट बघण्याचा सगळ्यांत मोठा अनुभव मेरीचा आहे. हॉटेलात दिवसभर बसून तिने वाट पाहिली. पुढे वॉटसनशी लग्न झाल्यावर होम्सची हाक आली की ती नवऱ्याला स्वतः आग्रहाने पाठवते. दुःखातली माणसं तिच्याकडे आपोआप वळतात असं वॉटसन कौतुकाने सांगतो. आणि मग, १८९१ ते १८९४ च्या मध्ये कुठेतरी, ती मरते. डॉयल तिचं नावसुद्धा घेत नाही. वॉटसन आपल्यावर कोसळलेल्या एका दुःखाचा ओझरता उल्लेख करतो, आणि होम्सने शब्दांपेक्षा वागण्यातून सहानुभूती दाखवली एवढं सांगतो. त्यानंतर तो होम्सबरोबर बेकर स्ट्रीटला परत राहायला जातो. त्याचा दवाखाना व्हर्नर नावाचा एक तरुण डॉक्टर मागितलेल्या किमतीला विकत घेतो आणि काही वर्षांनी कळतं की तो होम्सचा दूरचा नातेवाईक होता, पैसे होम्सनेच उभे केले होते.

या ठिकाणी डॉयलने मेरीवर अन्याय केला असं माझं स्पष्ट मत आहे. होम्सला बेकर स्ट्रीटवर वॉटसन हवा होता, म्हणून मेरी वाटेतून दूर केली गेली. कित्येक फॅन फिक्शन लेखकही तेच करतात, त्यांना दोन मित्रांच्या मध्ये कोणी नको असतं. मला ते करवत नाही. स्वित्झर्लंडहून वॉटसन एकटा परतला त्या संध्याकाळी दार कोणी उघडलं? मेरीने. ज्या बाईचे वडील एका हॉटेलातून पुसले गेले, तिच्याइतकं या माणसाला कोण समजून घेणार होतं? ज्या दुःखाला प्रेत नसतं, अंत्यविधी नसतो, ते तिने सतराव्या वर्षीच बघितलं होतं. मी ती संध्याकाळ लिहिली आहे. त्यात ती त्याला काही विचारत नाही. ती त्याला मुंबईबद्दल बोलतं करते, कारण त्या दोघांच्या आयुष्यात होम्सच्या आधीची अशी एकच सामाईक गोष्ट आहे. तिला तिथली एक आया आठवते, एका गाण्याची चाल आठवते, शब्द आठवत नाहीत. ती आया रत्नागिरीकडची असायला कॅननची काहीच हरकत नाही.

फॅन फिक्शनमध्ये 'हर्ट-कम्फर्ट' म्हणून एक मोठा प्रवाह आहे. एकाला इजा होते, दुसरा त्याची शुश्रूषा करतो आणि एरवी न बोललेलं बोललं जातं. बाहेरच्या माणसांना हा हळवेपणा वाटतो. पण याचं मूळ डॉयलमध्येच आहे. 'द थ्री गॅरिडेब्स' (१९२४) मध्ये वॉटसनच्या मांडीला गोळी चाटून जाते, आणि होम्सचे ओठ थरथरतात, डोळे भरून येतात. वॉटसन म्हणतो की त्या थंड मुखवट्यामागची माया कळण्यासाठी एक काय, अनेक जखमा सोसल्या असत्या. आम्ही सगळे जन्मभर याच एका परिच्छेदाकडे परत जात असतो.

या परिच्छेदावर पुढे कज्जा होणार होता. अमेरिकेत डॉयलच्या शेवटच्या काही कथांवरचे हक्क बराच काळ शिल्लक होते. २०२० साली 'एनोला होम्स' या चित्रपटावरून डॉयलच्या वारसांच्या कंपनीने दावा लावला. म्हणणं असं की आधीचा होम्स भावनाशून्य होता; महायुद्धाच्या सुमारास डॉयलने मुलगा आणि भाऊ गमावले, त्यानंतरच्या, म्हणजे १९२३ ते १९२७ मधल्या कथांत होम्स मायाळू झाला; तेव्हा मायाळू होम्स दाखवायचा तर आमची परवानगी हवी. निकालापर्यंत हे प्रकरण गेलं नाही, आणि १ जानेवारी २०२३ पासून तिथेही सगळ्या कथा मुक्त झाल्या. पण त्या दाव्याने मी कित्येक रात्री अस्वस्थ होते. कारण तो साहित्याच्या वाचनावरचा दावा होता आणि माझ्या मते तो चुकीचा होता. 'द डेव्हिल्स फूट' १९१० ची आहे. तिथे विषारी धुराच्या प्रयोगातून वॉटसन होम्सला ओढून बाहेर काढतो आणि होम्स कापऱ्या आवाजात त्याची माफी मागतो. १९०३ च्या 'द एम्प्टी हाउस'मध्ये परतलेल्या होम्सला बघून वॉटसन बेशुद्ध पडतो तेव्हा त्याच्या गळ्याची बटणं होम्सने सोडलेली असतात. माया पहिल्यापासून होती, ती बघायला कोणीतरी दोन ओळींच्या मध्ये थांबायला हवं होतं. वाचकांनी ते काम शतकभर केलं.

ही माया मैत्री की प्रेम, याची चर्चा आमच्यात अखंड चालते. १९६७ मध्ये 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी 'स्पॉकनेलिया' हे नियतकालिक काढलं आणि आजच्या फॅन फिक्शनची परंपरा तिथून धरली जाते. पुढे त्याच चाहत्यांतल्या बायकांनी, मुख्यतः बायकांनीच, कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांमधल्या प्रेमाच्या गोष्टी लिहिल्या आणि हातोहात वाटल्या. होम्स-वॉटसनच्या वाट्यालाही ते आलं. मी तशा गोष्टी आवडीने वाचते. त्यातल्या चांगल्या गोष्टींत दोन माणसं एकमेकांना बरोबरीने बघतात, आणि लिहिणाऱ्या बाईला तिच्या आजूबाजूला जे नातं सापडत नव्हतं ते तिने तिथे रचून बघितलेलं असतं. डॉयलने स्वतः तरी कुठे कुंपण घातलं होतं? विल्यम जिलेट या अमेरिकन नटाने होम्सवर नाटक करताना विचारलं, याचं लग्न लावलं तर चालेल का? डॉयलने तार केली की लग्न लावा, खून करा, हवं ते करा.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. जात्यावर बसलेल्या बायकांनी राम-रावण युद्धापेक्षा सीतेचा वनवास जास्त गायला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांत सीता पुन्हा पुन्हा येते: वनात एकटी, बाळंतपण जवळ आलेलं, सोबतीला बोरी-बाभळी. पोथीने जिला वनात सोडलं तिच्यासोबत या बायका पहाटेच्या अंधारात जाऊन बसल्या. त्यांना कोणी विचारलं नाही की तेच तेच का गाता. ज्या बाईला स्वतःची गोष्ट सांगायची सोय नसते ती सीतेची सांगते, आणि ती सांगताना मूळ कथेला कुठेच धक्का लावत नाही. माझ्या आजीला ओव्या येत होत्या. होम्स तिच्यापर्यंत पोचला नाही, पण मी काय करते ते तिला एका वाक्यात समजलं असतं.

सध्या मी मैवंदला आहे. २७ जुलै १८८० ची ती लढाई, जिथे वॉटसनला जखम झाली. ब्रिगेडियर बरोजच्या सैन्याचा तिथे दारुण पराभव झाला, जवळजवळ हजार माणसं मेली. वॉटसन वाचला तो मरे नावाच्या त्याच्या अर्दलीमुळे. मरेने त्याला ओझ्याच्या घोड्यावर टाकून ब्रिटिश फळीपर्यंत आणलं. मरेचं नाव डॉयलने दिलं आहे. पण वॉटसन नंतर जिच्यात गेला त्या बर्कशायर पलटणीच्या बाजूने त्या मैदानात मुंबई लष्कराच्या पलटणी उभ्या होत्या: पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स, तिसावी बॉम्बे इन्फंट्री म्हणजे जेकब्ज रायफल्स, बॉम्बे सॅपर्स. वॉटसनच्या कथनात त्यांच्यातला एकही माणूस नाही. या डॉक्टरने त्या दिवशी कोणाच्या जखमा बांधल्या? त्याला पाणी कोणी दिलं? मुंबई लष्करात कोकणातली, देशावरची माणसं भरती होत असत. त्यांच्यातला एक मला आता स्पष्ट दिसतो, पण मेरीसाठी किंवा मिसेस हडसनसाठी जे डावं पान मला मिळालं ते त्याच्यासाठी जवळजवळ कोरं आहे. पलटणींचे इतिहास अधिकाऱ्यांची नावं देतात. शिपाई काय खात होता, घरी पैसे कसे पाठवत होता, त्याच्या घरी मृत्यूची बातमी किती महिन्यांनी आणि कोणाच्या तोंडून पोचली, हे मला हवं आहे. त्याची गोष्ट लिहिताना मी आगगाडीच्या वेळा जितक्या काटेकोरपणे तपासते त्याहून अधिक काटेकोर राहिलं पाहिजे, कारण मेरी कल्पित होती आणि तो खराच होता.

तुमच्या घराण्यात कोणी १८७८ ते १८८० च्या अफगाण मोहिमेवर गेलेलं असेल, एखादं पदक असेल, पेन्शनचा कागद असेल, पणजीने सांगितलेली एखादी ओळ असेल, तर ती कृपा करून लिहून ठेवा. नाव, गाव, पलटण, आणि मागे घरी कोण होतं, एवढं तरी.